‘तुझा नुबार काका’ : एका शोकजाहिरातीचे प्रकरण

१६ जून १९७९ रोजी आयहान इशिक यांचे इस्तंबूलमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. त्यांचे वय अवघे ५० होते. पाव शतकाहून अधिक काळ तुर्की चित्रपटाचा ‘बिनमुकुटाचा राजा’ म्हणून मिरवलेल्या या नायकाच्या अकाली जाण्याने देश हळहळला आणि वर्तमानपत्रांत शोकजाहिराती येऊ लागल्या. त्यांपैकी एक नुबार तेर्झियान यांची होती. तेर्झियान तेव्हा ७० वर्षांचे होते. चरित्र अभिनेता म्हणून त्यांनी इशिक यांच्याबरोबर बरीच वर्षे काम केले होते. जाहिरातीचा मजकूर छोटा होता आणि त्याचा आशय असा : माझ्या मुला आयहान, जग नश्वर आहे, मरण कुणालाच चुकलेले नाही, पण तू मेलेला नाहीस, कारण मागे राहिलेल्या आमच्या आणि लाखो लोकांच्या हृदयात तू जिवंत आहेस. खाली सही होती, ‘तुझा नुबार तेर्झियान काका’.

त्यानंतर थोड्याच अवधीत इशिक यांच्या कुटुंबीयांनी स्वतंत्र जाहिरात देऊन खुलासा केला. ‘महत्त्वाची दुरुस्ती’ अशा मथळ्याच्या त्या निवेदनात म्हटले होते की काका नुबार तेर्झियान या सहीने जी जाहिरात प्रसिद्ध झाली आहे, तिच्याशी दिवंगतांचा जवळचा वा दूरचा कसलाही संबंध नाही, आणि तशी गरज भासल्यामुळे हे खेदपूर्वक जाहीर करावे लागत आहे.

घटना एवढीच आहे. कुणी न्यायालयात गेले नाही, कुणाचे काम सुटले नाही. तरीही अभिजात तुर्की मेलोड्रामात कोणाला जागा होती, कोणत्या अटीवर होती आणि ती जागा नेमकी कोठे संपत होती, हे समजून घ्यायचे असेल तर माझ्या मते या दोन जाहिरातींइतका बोलका पुरावा दुसरा नाही. म्हणून येथे हे एकच प्रकरण सविस्तर मांडले आहे.

काका आणि मामा

मराठी वाचकाला या प्रकरणाचा गाभा फारसा समजावून सांगावा लागणार नाही, कारण नात्यांची वाटणी तुर्की भाषेनेही आपल्यासारखीच केली आहे. वडिलांचा भाऊ ‘अमजा’, आईचा भाऊ ‘दायी’, वडिलांची बहीण ‘हाला’, आईची बहीण ‘तेयझे’. शिवाय आपल्याकडे दुकानदाराला, शेजाऱ्याला किंवा रिक्षावाल्याला ‘काका’ म्हणताना रक्ताचे नाते कुणाच्या मनात नसते, तसेच तुर्की माणूसही कोणत्याही वयस्क पुरुषाला सहज ‘अमजा’ म्हणतो. नुबार तेर्झियान तर सगळ्या चित्रपटसृष्टीचेच काका होते. गोल चेहरा, पांढरे केस आणि मऊ हसू असलेल्या या माणसाला प्रेक्षक लाडाने ‘गोडुले काका’ अशा अर्थाच्या नावाने हाक मारीत. त्यामुळे ‘तुझा काका’ ही सही म्हणजे त्यांनी आयुष्यभर पडद्यावर आणि पडद्यामागे वागवलेली ओळखच होती.

मजकुराची पहिली ओळ पाहिली तर शंकेला जागाही उरत नाही. त्यात संबोधन ‘माझ्या मुला’ असे आहे आणि सही ‘काका’ अशी आहे. एकच माणूस कागदोपत्री एकाच वेळी बाप आणि चुलता असू शकत नाही. दोन्ही शब्द मायेचे आहेत हे कोणत्याही वाचकाला कळावे. तरीही कुटुंबाला खुलासा करावासा वाटला, याचे कारण ‘अमजा’ या शब्दाच्या दुसऱ्या, काटेकोर अर्थात आहे. नुबार तेर्झियान आर्मेनियन होते. त्यांना अक्षरशः चुलता मानले तर इशिक यांचे वडीलही आर्मेनियन ठरतात आणि राष्ट्राचा लाडका नायक पितृवंशाने आर्मेनियन ठरतो. सहीत ‘दायी’, म्हणजे मामा, असे असते तर संशय आईकडच्या बाजूला गेला असता आणि कदाचित इतका झोंबला नसता. ‘अंकल’ या एकाच शब्दात सगळ्यांना कोंबणाऱ्या भाषेत हे प्रकरण नीट सांगताही आले नसते.

आडनावे

या भीतीला आणखी एक जुना धागा होता. इशिक यांचे मूळ आडनाव ‘इशियान’ होते. १९५१ साली ‘यिल्दिझ’ या चित्रपटविषयक नियतकालिकाच्या स्पर्धेतून पुढे येऊन ते चित्रपटात आले, आणि हे आडनाव आर्मेनियन वाटते म्हणून ते बदलून ‘इशिक’ केले गेले, असे सांगितले जाते. भाषेच्या दृष्टीने पाहिले तर हा बदल अगदी अनाठायी होता. ‘इशियान’ हे अस्सल तुर्की धातुसाधित आहे. त्याचा अर्थ ‘उजळणारा’, आणि ‘इशिक’ म्हणजे ‘प्रकाश’. दोन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत. दोष फक्त शेवटच्या ‘यान’चा होता, कारण आर्मेनियन आडनावांचा ‘अमक्याच्या घरातला’ असे सांगणारा प्रत्यय कानाला तसाच लागतो.

१९३४ च्या आडनाव कायद्याने प्रत्येक नागरिकाला आडनाव घेणे बंधनकारक केले, तेव्हा त्याच्या नियमावलीत काही परकीय प्रत्यय लावण्यास मनाई होती. त्या यादीत ग्रीक ‘पुलोस’ आणि ‘दिस’, स्लाव ‘ओफ’ आणि ‘विच’ यांच्याबरोबर आर्मेनियन ‘यान’ही होता. म्हणजे एका प्रत्ययावरून माणसाचा धर्म आणि निष्ठा ओळखण्याची सवय कितीतरी आधीपासून राज्यानेच लावलेली होती, आणि चित्रपटाच्या जाहिरातफलकाने ती जशीच्या तशी उचलली.

नुबार यांचे उदाहरण नेमके उलट दिशेचे आहे. त्यांचे खरे आडनाव ‘अल्यानाक’ असे नोंदलेले आढळते; हा शब्द पूर्णपणे तुर्की असून त्याचा अर्थ ‘लाल गालांचा’. पडद्यासाठी मात्र त्यांनी ‘तेर्झियान’ हे नाव धारण केले. त्यातला ‘तेर्झी’ म्हणजे शिंपी, आणि मूळ फारसी शब्द तोच, ज्याचा आपल्याकडे ‘दर्जी’ झाला. तुर्की मूळ असलेले आडनाव नायकाने आर्मेनियन वाटते म्हणून टाकले, आणि तुर्की आडनाव हाताशी असताना एका चरित्र अभिनेत्याने आर्मेनियन आडनाव उघडपणे मिरवले. त्यामागे त्यांचा हेतू कोणताही असो, त्या काळात हे धाडसच होते असे मी मानतो.

ते धाडस किती दुर्मीळ होते हे सहकलाकारांच्या नावांवरून कळते. खलनायकी भूमिकांनी प्रेक्षकांच्या शिव्या आणि टाळ्या दोन्ही मिळवणारे केनान पार्स हे किर्कोर जेझवेजियान होते. विनोदी अभिनेते वाही ओझ यांचे मूळ नाव वाहे ओझिनियान. दियारबाकिरकडचे सामी हाझिनसेस जन्माने सामुएल उलुच्यान होते आणि ही गोष्ट त्यांनी हयातभर झाकून ठेवली. रंगभूमी आणि चित्रपट दोन्ही गाजवणाऱ्या तोतो काराजा या इर्मा फेलेकियान होत्या. अवघ्या तुर्कस्तानची आई म्हणून ज्यांचे हसू आजही लोकांना आठवते त्या आदिले नाशित यांच्या आईच्या घराण्यातही आर्मेनियन वारसा होता.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीतही युसूफ खान ‘दिलीपकुमार’ झाले आणि महजबीन बानो ‘मीनाकुमारी’ झाल्या, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण दिलीपकुमार कोण आहेत हे प्रेक्षकाला माहीत होते आणि ते माहीत असूनही तो तिकीट काढत होता. हाझिनसेस यांच्यासारख्याच्या वाट्याला ते उघडेपण आले नाही. म्हणून वरवर सारखी दिसणारी ही दोन उदाहरणे मी एका तराजूत घालणार नाही.

ज्यांनी घर बांधले

तुर्की भाषेतील नाट्यव्यवसायाची पायाभरणी मोठ्या प्रमाणात आर्मेनियन कलावंतांनी केली होती. १८७० साली इस्तंबूलमध्ये तुर्की भाषेत नाटके करण्याचा दहा वर्षांचा मक्ता ज्यांना मिळाला ते गुल्लू आगोप म्हणजे हागोप वार्तोव्यान. मुसलमान स्त्रियांना रंगमंचावर येण्यास बंदी असल्यामुळे स्त्रीभूमिका आर्मेनियन अभिनेत्रीच करीत. १९२० साली आफिफे जाले या मुसलमान अभिनेत्री रंगमंचावर आल्या त्याही एलिझा बिनेमेजियान ही आर्मेनियन अभिनेत्री परदेशी गेल्याने मोकळ्या झालेल्या जागी, आणि त्यासाठी पोलिसांचा ससेमिरा त्यांच्या मागे लागला. प्रजासत्ताकाच्या स्थापनेच्या वर्षी, १९२३ मध्ये, दिग्दर्शक मुह्सिन एर्तुग्रुल यांच्या चित्रपटात बेदिया मुवह्हित आणि नेय्यिरे नेयिर या मुसलमान अभिनेत्री प्रथमच पडद्यावर दिसल्या. मुसलमान स्त्रीला कलेचे दार उघडले ही निर्विवाद मोठी घटना होती. मात्र ज्यांनी तोवर ते दार धरून ठेवले होते, त्यांना त्यानंतरच्या कथांमध्ये सन्मानाची जागा मिळाली नाही.

‘येशिलचाम’ हे तुर्की चित्रपटसृष्टीचे नाव इस्तंबूलच्या बेयोग्लू भागातील एका गल्लीवरून पडले. तिथे निर्मात्यांची कार्यालये होती. हा भाग पिढ्यान्‌पिढ्या ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यू रहिवाशांचा, त्यांच्या दुकानांचा, शिंप्यांचा, छायाचित्रकारांचा. १९४२ च्या, बिगरमुसलमानांवर जबर आकारलेल्या संपत्तिकराने त्यांपैकी कित्येकांचे व्यवसाय बुडाले. १९५५ च्या ६ आणि ७ सप्टेंबरला जमावाने याच भागातील ग्रीकांची आणि इतर अल्पसंख्याकांची दुकाने फोडली, आणि १९६४ मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्या हजारो इस्तंबूलकरांना देश सोडावा लागला. म्हणजे मेलोड्रामाच्या भरभराटीचा काळ आणि या शहरातले जुने शेजारी ओसरत जाण्याचा काळ एकच आहे. कॅमेऱ्यामागे क्रितोन इल्यादिस आणि ध्वनीच्या टेबलाजवळ योर्गो इल्यादिस ही ग्रीक नावे श्रेयनामावलीत कायम दिसत राहिली. पण गल्लीत घडत होते ते कथेत येत नव्हते.

पडद्यावरचे घर

येशिलचामच्या मेलोड्रामाचा साचा मराठी प्रेक्षकाला परका नाही. श्रीमंत मुलगा आणि गरीब मुलगी, गैरसमजाने तुटलेली प्रीती, अपघातात गेलेली दृष्टी, क्षयाचा खोकला, मद्यालयात गाणे म्हणणारी निष्कलंक नायिका, आणि अखेरीस उघड होणारे जन्मरहस्य. राज कपूर यांचा ‘आवारा’ १९५५ साली तुर्कस्तानात लागला तेव्हा त्याने जी उसळी घेतली, ती याच भावजातीमुळे. पितृत्वाचा शोध हाच ज्या कथेचा कणा, ती तुर्की प्रेक्षकाला आपली वाटली आणि १९६४ मध्ये तिची तुर्की आवृत्तीही निघाली.

या साच्यात वर्गभेद भरपूर आहे आणि तो ठळकपणे मांडला आहे. बंगला आणि झोपडी यांतले अंतर प्रत्येक दृश्यात दिसते. धर्म आणि वंश यांचा भेद मात्र अंतर म्हणून कधी येतच नाही. आर्मेनियन किंवा ग्रीक पात्र आलेच तर ते हेल काढून तुर्की बोलणारी घरमालकीण ‘मादाम’, मद्यालयाचा मालक, शिवणकाम करणारी बाई किंवा डॉक्टर म्हणून येते. विनोद करते, निरोप पोचवते आणि निघून जाते. त्याला स्वतःचे घर, मुले, दुःख काही नसते. कुर्द माणूस ‘पूर्वेकडचा’ म्हणून ओळखला जातो, ‘कुर्द’ म्हणून नाही. श्रीमंताघरच्या काळ्या दाईची भूमिका कधी कधी चेहऱ्याला रंग फासून केली जाई. या बाकीच्या गटांची कहाणी स्वतंत्र लेखनाचा विषय आहे. इथे एवढेच नोंदवणे पुरे की कथेतले ‘घर’ एकाच रंगाचे होते.

याची कारणे केवळ लेखकांच्या पूर्वग्रहात शोधू नयेत. १९३९ च्या नियमावलीनुसार पटकथा आणि चित्रपट दोन्ही शासकीय तपासणी मंडळापुढे जात, आणि त्या मंडळात पोलीस आणि लष्कर यांचे प्रतिनिधी बसत. कोणत्याही वंशाची किंवा राष्ट्राची मानहानी होऊ नये असे एक कलम तिथे होते, पण त्याच नियमांत धर्मप्रचार आणि राष्ट्रीय भावना दुखावणे हेही निषिद्ध होते. अशा कात्रीत सापडलेल्या निर्मात्याला अल्पसंख्याक कुटुंबाची खरी गोष्ट सांगण्यापेक्षा ती न सांगणे सोपे होते. दुसरे कारण पैशाचे. अदाना, इझमीर, साम्सुन अशा ठिकाणचे विभागीय वितरक चित्रपट तयार होण्याआधीच हुंड्या देऊन पैसा लावत आणि कोणता नायक, कोणती नायिका, कोणता शेवट हवा हे कळवत. १९७२ च्या सुमारास वर्षाला जवळपास ३०० चित्रपट काढणाऱ्या या धंद्यात नायकाचे नाव हाच विकला जाणारा माल होता, आणि त्या नावावर शंकेचा डाग कुणालाच परवडणारा नव्हता.

तिसरी गोष्ट तांत्रिक आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. येशिलचामचे बहुतेक चित्रपट आवाजाविना चित्रित होत आणि नंतर स्टुडिओत मोजके आवाजकलाकार सगळ्यांना बोलते करीत. एकट्या आदालेत जिम्जोझ यांचा आवाज कितीतरी नायिकांच्या तोंडी आहे. म्हणजे नटाचा चेहरा कोठलाही असो, पडद्यावर येणारी भाषा शुद्ध इस्तंबुली असे. आणि आर्मेनियन पात्राचा हेलही खऱ्या आर्मेनियन माणसाचा नसून आवाजकलाकाराने केलेली नक्कल असे. चेहरा राहिला आणि आवाज गेला, अशी ही विभागणी होती.

नुबार तेर्झियान यांची कामगिरी या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. १९४९ पासून पुढच्या चार दशकांत त्यांनी शेकडो चित्रपटांत कामे केली आणि त्यांतली बहुसंख्य पात्रे तुर्की मुसलमान होती : नायिकेचा गरीब बाप, नायकाचा पाठीराखा म्हातारा, गल्लीतला दुकानदार, प्रेमळ डॉक्टर. आर्मेनियन माणूस तुर्कांचा बाप झाला आणि प्रेक्षकांनी त्याच्यासाठी मनापासून अश्रू ढाळले. श्रेयनामावलीत ‘तेर्झियान’ स्पष्ट लिहिलेले होते आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही. म्हणून या सृष्टीत वैविध्य नव्हते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. वैविध्य होते, पण ते कलावंतांमध्ये होते, पात्रांमध्ये नव्हते. चित्रपटातले नाते अभिनय म्हणून मान्य होते. तेच नाते चित्रपटाबाहेर, वर्तमानपत्राच्या छापील ओळीत उच्चारले गेले तेव्हा ते नोंद बनले, आणि नोंदीला खुलासा आवश्यक झाला.

कुटुंबाची बाजू

इशिक यांच्या घरच्यांना इथे दोषी ठरवून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. ते दिवस आठवावेत. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे एका आर्मेनियन वृद्धाने दोन तुर्की राजनैतिक अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. १९७५ मध्ये व्हिएन्ना आणि पॅरिस येथील तुर्की राजदूतांची काही दिवसांच्या अंतराने हत्या झाली, आणि पुढे अशा हल्ल्यांची मालिकाच सुरू राहिली. देशात डाव्या-उजव्या गटांमध्ये रोज माणसे मरत होती. १ फेब्रुवारी १९७९ रोजी ‘मिल्लियेत’ या वर्तमानपत्राचे संपादक आब्दी इपेकची यांची भर रस्त्यात हत्या झाली होती. अशा वेळी आपल्या माणसाला कुणी ‘तो आर्मेनियन होता म्हणे’ असे म्हणू लागले तर त्याचे काय होईल, ही काळजी नवऱ्याला, बापाला नुकत्याच मुकलेल्या घराने केली, यात अस्वाभाविक काही नाही. आडनावाची जुनी जखम होतीच. खुलाशातला ‘गरज भासल्यामुळे’ हा शब्दप्रयोग मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. ती गरज त्या घराने निर्माण केलेली नव्हती.

मात्र त्या गरजेची किंमत कोणी दिली, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. सत्तरीतल्या एका माणसाने आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या सहकाऱ्याला अखेरचा निरोप दिला, आणि त्याच्या आपुलकीला देशभर छापून ‘जवळचा वा दूरचा संबंध नाही’ असे उत्तर मिळाले. दूरचाही नाही, हे शब्द त्यात कठोर आहेत. चुलता नाही एवढे सांगून भागले असते. आमच्या आयहानचे ते जुने सहकारी होते, अशी एक ओळ पुढे जोडता आली असती. ती जोडली गेली नाही. याचे कारण दुष्टपणा असेल असे मला वाटत नाही. त्या ओळीनेही पुरेसे अंतर राहणार नाही असे त्यांना वाटले असावे, आणि मला तेच अधिक दुःखद वाटते.

नुबार तेर्झियान यांचे १९९४ मध्ये निधन झाले. सामी हाझिनसेस २००२ मध्ये गेले आणि केनान पार्स २००८ मध्ये. अंत्यविधी चर्चमध्ये आहे हे वाचून, ज्यांना लहानपणापासून पडद्यावर पाहिले ते आर्मेनियन होते, हे कित्येक प्रेक्षकांना तेव्हा प्रथमच कळले. तेर्झियान यांच्याबाबत असा धक्का कुणाला बसण्याचे कारण नव्हते. जुने चित्रपट तुर्की दूरचित्रवाणीवर आजही लागतात; नामावलीत सर्वांत वर आयहान इशिक यांचे नाव येते, बरेच खाली नुबार तेर्झियान यांचे येते, आणि पहिल्याने टाकलेला ‘यान’ दुसऱ्याच्या नावात शाबूत दिसतो.